प्रतिमा संचिका स्वरूपे

संगणकावर चित्र किंवा छायाचित्र साठवताना त्यातील माहिती कोणत्या क्रमाने, किती बिटांत आणि कोणत्या पद्धतीने आटवून लिहायची, याच्या ठरीव नियमांना प्रतिमा संचिका स्वरूप असे म्हणतात. संचिका म्हणजे फाइल. व्यवहारात 'फोटोचा फॉरमॅट' हाच शब्द रूढ आहे. जेपेग, पीएनजी, गिफ, टिफ, बीएमपी, वेबपी, हीक आणि एसव्हीजी ही सर्वाधिक आढळणारी स्वरूपे होत. एकच दृश्य या आठही स्वरूपांत साठवता येते, परंतु संचिकेचा आकार, रंगांची अचूकता, पारदर्शकता आणि पुन्हा पुन्हा संपादन केल्यावर चित्राची होणारी झीज यांत मोठा फरक पडतो. चुकीच्या स्वरूपाची निवड अनेकदा लगेच लक्षात येत नाही. ती लक्षात येते तेव्हा मूळ माहिती नष्ट झालेली असते.

मूलभूत संकल्पना

संगणकीय प्रतिमांचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिल्या वर्गात, म्हणजे रास्टर प्रतिमेत, चित्र हे लहान लहान चौकोनी ठिपक्यांच्या जाळीने बनते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. दुसऱ्या वर्गात, म्हणजे व्हेक्टर प्रतिमेत, ठिपके साठवले जात नाहीत. 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत इतक्या जाडीची रेषा काढा' अशा भूमितीय सूचना साठवल्या जातात. छायाचित्र स्वभावतःच रास्टर असते. बोधचिन्हे, नकाशे आणि आलेख व्हेक्टर पद्धतीत अधिक चांगले राहतात.

अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. ते अवघे १७६ × १७६ पिक्सेलचे होते आणि प्रत्येक पिक्सेल एकतर काळा किंवा पांढरा, म्हणजे एका बिटाचा होता. आजच्या रंगीत छायाचित्रात प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांची प्रत्येकी एक संख्या असते. प्रत्येक संख्या ८ बिटांची धरल्यास ती ० ते २५५ या मर्यादेत राहते आणि एकूण १,६७,७७,२१६ रंगछटा शक्य होतात. यालाच २४ बिटांचा रंग म्हणतात.

हिशेब केल्यास संपीडनाची गरज ध्यानात येते. ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच, म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. प्रत्येकी ३ बाइट धरले तर ते ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे सुमारे ३६ मेगाबाइट होतात. प्रत्यक्षात भ्रमणध्वनीने काढलेल्या अशा छायाचित्राची संचिका साधारण ३ ते ५ मेगाबाइटची असते. उरलेली माहिती कोठे गेली, या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच प्रतिमा स्वरूपांचा बहुतांश इतिहास होय.

संपीडनाचे दोन प्रकार

हानिरहित संपीडनात मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळते. चित्रातील पुनरावृत्ती हेरून ती थोडक्यात लिहिणे हे या प्रकाराचे तत्त्व आहे. 'पांढरा, पांढरा, पांढरा...' असे पाचशे वेळा लिहिण्याऐवजी 'पांढरा, ५००' असे लिहिले, तर काहीही न गमावता जागा वाचते. हानियुक्त संपीडनात मात्र माणसाच्या डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील जाणूनबुजून टाकून दिला जातो. तो पुन्हा मिळवता येत नाही.

हानियुक्त संपीडनाने केवळ चित्र पुसट होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. २०१३ मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीसेल यांनी दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही प्रतिलिपी यंत्रे कागद स्कॅन करताना त्यावरील आकडेच बदलत होती. एका इमारतीच्या आराखड्यातील तीन खोल्यांची क्षेत्रफळे मूळ कागदावर वेगवेगळी असताना प्रतीत ती एकसारखी उमटली होती. या यंत्रांत वापरलेल्या जेबीआयजी२ या पद्धतीत पानावरील एकमेकांसारखे दिसणारे तुकडे शोधले जातात आणि त्यांच्यापैकी एकच तुकडा साठवून तो सर्वत्र वापरला जातो. लहान अक्षरांतील ६ आणि ८ हे यंत्राला एकच वाटले, की ६ च्या जागी स्वच्छ, ठसठशीत ८ छापला जाई. अक्षर पुसट झाले असते तर वाचणाऱ्याला शंका आली असती. येथे शंकेला जागाच नव्हती. कंपनीने पुढे दुरुस्ती उपलब्ध करून दिली. जमिनीचे उतारे, हिशेबाच्या वह्या किंवा औषधांच्या मात्रा असलेले कागद स्कॅन करताना संपीडनाची पद्धत पाहणे का आवश्यक आहे, याचे हे सर्वांत बोलके उदाहरण मानले जाते.

बीएमपी आणि टिफ

बीएमपी हे विंडोज प्रणालीसोबत प्रसार पावलेले साधे स्वरूप आहे. त्यात बहुधा कोणतेही संपीडन नसते. सुरुवातीच्या ५४ बाइटांच्या शीर्षभागानंतर पिक्सेलांचे रंग एकापुढे एक लिहिलेले असतात. गंमत म्हणजे ओळी सामान्यतः खालून वर अशा क्रमाने असतात आणि रंग लाल-हिरवा-निळा असे नसून निळा-हिरवा-लाल असे लिहिले जातात. रचना सोपी असल्यामुळे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रतिमा वाचणारी पहिली आज्ञावली लिहिण्यासाठी हे स्वरूप आजही उपयोगी पडते. दैनंदिन साठवणुकीसाठी त्याचा फारसा उपयोग उरलेला नाही.

टिफ हे स्वरूप आल्डस कॉर्पोरेशन या कंपनीने १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी प्रत्येक स्कॅनर उत्पादकाचे स्वरूप निराळे होते आणि त्यांत एकवाक्यता आणणे हा टिफचा हेतू होता. १९९४ मध्ये आल्डस अडोबी कंपनीत विलीन झाली. १९९२ ची सहावी आवृत्ती आजही प्रमाण धरली जाते. टिफ हे एका अर्थी पेटाऱ्यासारखे आहे: त्यात अनेक पाने, १६ बिटांचे रंगघटक आणि छपाईसाठी लागणारी निळसर, किरमिजी, पिवळी व काळी ही चार शाईंची रंगपद्धतीही ठेवता येते. संपीडनही ऐच्छिक असते. या लवचीकपणामुळे मुद्रणालये, ग्रंथालये आणि अभिलेखागारे मूळ प्रत टिफमध्ये राखतात. मात्र बहुतेक ब्राउझर टिफ दाखवत नाहीत, त्यामुळे वाचकांसाठी वेगळी हलकी प्रत तयार करावी लागते.

गिफ

कंप्युसर्व्ह ही अमेरिकेतील संगणकीय माहितीसेवा होती. तिच्या ग्राहकांना दूरध्वनीच्या तारेवरून, मंद गतीच्या मोडेमने रंगीत चित्रे मिळावीत म्हणून स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखालील गटाने गिफ तयार केले आणि ते जून १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या दोन आवृत्त्या ८७ए आणि ८९ए या नावांनी ओळखल्या जातात.

गिफमध्ये प्रत्येक पिक्सेलचा रंग थेट लिहिला जात नाही. आधी जास्तीत जास्त २५६ रंगांचा एक तक्ता दिला जातो आणि मग प्रत्येक पिक्सेलसाठी त्या तक्त्यातील क्रमांक लिहिला जातो. त्यामुळे तीन बाइटांचे काम एका बाइटात होते. सपाट रंगांच्या चित्रांना हे पुरते. पण चेहऱ्यावरील किंवा संध्याकाळच्या आकाशातील हळुवार बदलणाऱ्या छटा २५६ रंगांत बसवताना पट्टे किंवा ठिपके दिसू लागतात. ८९ए आवृत्तीत तक्त्यातील एक रंग पारदर्शक ठरवण्याची आणि चित्रांमधील विलंब ठरवण्याची सोय आली. १९९५ च्या सुमारास नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरने चित्रमालिका पुन्हा पुन्हा फिरवण्याची जोड दिली. हलते चित्र म्हणजे गिफ, असे समीकरण त्यातूनच रूढ झाले.

गिफचे भवितव्य मात्र एका पेटंटने बदलले. त्यात वापरलेली एलझेडडब्ल्यू ही संपीडन पद्धत अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव यांच्या कामावर आधारित असून टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. तिचे अमेरिकन पेटंट वेल्च यांच्या स्पेरी या कंपनीकडे, व पुढे स्पेरीच्या विलीनीकरणातून निर्माण झालेल्या युनिसिस कंपनीकडे होते. गिफ सर्वत्र पसरल्यावर, डिसेंबर १९९४ मध्ये, गिफ तयार करणाऱ्या आज्ञावलींच्या उत्पादकांनी परवानाशुल्क भरावे अशी घोषणा झाली. सात वर्षे निर्धास्तपणे वापरलेल्या गोष्टीवर अचानक कर बसावा, तसा हा प्रकार होता आणि त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली. अमेरिकेतील पेटंटची मुदत जून २००३ मध्ये संपली. तोपर्यंत पर्याय उभा राहिला होता.

उच्चाराचा वाद हा गिफच्या इतिहासाचा एक विनोदी भाग आहे. स्वतः विल्हाइट अखेरपर्यंत 'जिफ' हाच उच्चार योग्य मानत. जगभर, आणि मराठीतही, 'गिफ' हा उच्चार अधिक ऐकू येतो.

पीएनजी

पेटंटच्या घोषणेनंतर काही दिवसांतच, जानेवारी १९९५ मध्ये, थॉमस बाउटेल यांनी एका वृत्तगटावर नव्या मुक्त स्वरूपाचा मसुदा मांडला. त्यावर अनेक स्वयंसेवकांनी काम केले आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने पीएनजीला शिफारशीचा दर्जा दिला. त्याचा अधिकृत उच्चार 'पिंग' असा आहे, परंतु तो क्वचितच वापरला जातो.

पीएनजी हानिरहित आहे. त्याचे संपीडन दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रत्येक पिक्सेलची किंमत शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजली जाते आणि फक्त फरक लिहिला जातो. उदाहरणार्थ, एका ओळीत १००, १०१, १०२, १०३ अशा किमती असतील, तर त्याऐवजी १००, १, १, १ असे लिहिले जाते. हा अंदाज बांधण्याच्या पाच रीती आहेत आणि प्रत्येक ओळीसाठी वेगळी रीत निवडता येते. दुसऱ्या टप्प्यात या फरकांवर डिफ्लेट ही पद्धत चालवली जाते. झिप संचिकांतही तीच वापरतात. आकड्यांत पुनरावृत्ती वाढल्यामुळे दुसरा टप्पा चांगला परिणाम देतो.

गिफमध्ये एखादा पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा अजिबात नसतो. पीएनजीत प्रत्येक पिक्सेलला पारदर्शकतेची स्वतंत्र संख्या देता येते, तिला अल्फा म्हणतात. त्यामुळे अक्षरांच्या कडा किंवा सावल्या कोणत्याही पार्श्वभूमीवर सफाईने मिसळतात. संचिका तुकड्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीची संख्या असल्याने वाटेत झालेला बिघाड ओळखता येतो.

या दक्षतेचा उत्तम नमुना म्हणजे पीएनजीचे पहिले आठ बाइट: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिली संख्या १२७ पेक्षा मोठी आहे, त्यामुळे जुन्या सात बिटांच्या वाहिनीवरून गेलेली संचिका ताबडतोब उघडी पडते. पुढील तीन संख्या म्हणजे रोमन लिपीतील पी, एन, जी ही अक्षरे. १३ आणि १० ही जोडी ओळ संपल्याची खूण आहे. काही आज्ञावली संचिका हलवताना अशा खुणा परस्पर बदलतात, तसे झाले तर ते येथेच कळते. २६ ही खूण जुन्या डॉस प्रणालीवर संचिका पडद्यावर छापली गेल्यास छपाई तेथेच थांबवते. अखेरचा १० उलट दिशेचा बदल पकडतो. ८ बाइटांत इतका विचार क्वचितच कोठे सामावलेला असेल.

मूळ पीएनजीत हलत्या चित्रांची सोय नव्हती. ती पुरवणारे एपीएनजी हे विस्तारित रूप बरीच वर्षे अनौपचारिकपणे वापरात होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीएनजीच्या तिसऱ्या आवृत्तीत ते समाविष्ट झाले.

जेपेग

जेपेग हे नाव स्वरूपाचे नसून ते तयार करणाऱ्या समितीचे आहे. जॉइंट फोटोग्राफिक एक्सपर्ट्स ग्रुप ही समिती १९८६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे प्रमाण १९९२ मध्ये मंजूर झाले. आपण ज्याला जेपेग संचिका म्हणतो, तिची प्रत्यक्ष मांडणी जेफिफ किंवा एक्झिफ या पूरक नियमांनी ठरते.

जेपेगच्या केंद्रस्थानी असलेल्या गणिताचा भारताशी संबंध आहे. बंगळूरमध्ये १९४० साली जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापक होते. १९७२ मध्ये त्यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, संक्षेपाने डीसीटी, या रूपांतराच्या अभ्यासासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. तरीही त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम पुढे नेले आणि जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. जेपेगच नव्हे, तर एमपेग आणि त्यानंतरची बहुतेक चित्रफीत प्रमाणे याच रूपांतरावर किंवा त्याच्या जवळच्या रूपांवर उभी आहेत.

कार्यपद्धती

जेपेगची प्रक्रिया पुढील क्रमाने चालते. प्रथम लाल, हिरवा, निळा या घटकांचे रूपांतर एका तेजस्वितेच्या आणि दोन रंगफरकाच्या घटकांत केले जाते. माणसाचा डोळा उजेडातील सूक्ष्म बदल चटकन टिपतो, पण रंगातील बदलांबाबत तो बराच ढिला असतो. म्हणून सामान्यतः तेजस्विता प्रत्येक पिक्सेलची ठेवतात आणि रंगफरक मात्र चार पिक्सेलांत मिळून एकदाच लिहितात. चार पिक्सेलांसाठी बारा संख्यांऐवजी सहाच संख्या लागतात. येथेच निम्मी जागा वाचते आणि पाहणाऱ्याला बहुधा पत्ताही लागत नाही.

त्यानंतर चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनावर डीसीटी चालवतात. चौसष्ट पिक्सेलांच्या जागी चौसष्ट नव्या संख्या येतात. पहिली संख्या त्या चौकोनाची सरासरी तेजस्विता सांगते. उरलेल्या त्रेसष्ट संख्या त्यातील चढउतार, आधी सावकाश होणारे आणि मग बारीक बारीक, असे क्रमाने सांगतात. येथपर्यंत तत्त्वतः काहीच गमावलेले नसते.

हानी होते ती पुढच्या पायरीवर. प्रत्येक संख्येला एका तक्त्यातील ठरावीक संख्येने भागून उत्तर पूर्णांकात आणले जाते. समजा एक संख्या ४३ आहे आणि भाजक २० आहे. भागाकार २.१५ येतो, लिहिला जातो फक्त २. संचिका उघडताना २ गुणिले २०, म्हणजे ४० मिळतात. ३ कायमचे गेले. संख्या ७ असेल तर उत्तर ० येते आणि तो तपशील समूळ नाहीसा होतो. बारीक चढउतारांसाठी भाजक मोठे ठेवलेले असल्याने तेथे शून्यांची रांग लागते. शेवटी ही शून्ये नागमोडी क्रमाने एकत्र आणून, डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने आटवून लिहिली जातात.

साठवताना विचारला जाणारा 'दर्जा' म्हणजे या भाजकांचा तक्ता लहानमोठा करण्याची किल्ली होय. १ ते १०० ही मोजपट्टी प्रमाणात नाही, ती आज्ञावली लिहिणाऱ्यांनी रूढ केली. म्हणूनच एका आज्ञावलीतील ८० आणि दुसरीतील ८० यांचा परिणाम सारखा असेलच असे नाही. ८० म्हणजे ८० टक्के माहिती शिल्लक राहते, हा समज तर पूर्णतः चुकीचा आहे.

मर्यादा

छायाचित्रांत रंग हळुवार बदलतात, त्यामुळे ही युक्ती उत्तम चालते. अक्षरे, रेषा आणि आलेख यांत मात्र काळ्याला लागून थेट पांढरे असते. अशी तीव्र सीमा दाखवायला बारीक चढउतारांच्या संख्याच लागतात, आणि जेपेग नेमक्या त्याच काटतो. परिणामी अक्षरांभोवती धुरकट ठिपके दिसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वरचे अनुस्वार, रफार आणि वेलांट्या लहान आकारात एकमेकांना चिकटलेल्या असतात, त्यामुळे अतिसंपीडित जेपेगमध्ये 'कि' आणि 'की' किंवा अनुस्वार आणि डाग यांत भेद करणे वाचकाला व अक्षर ओळखणाऱ्या आज्ञावलीलाही कठीण जाते. मजकुराचे पडदाचित्र पीएनजीत ठेवावे, असे सांगितले जाते ते यासाठीच.

जेपेग संचिका उघडून, फेरफार करून पुन्हा जेपेगमध्ये साठवली, की भागाकार आणि पूर्णांकन नव्याने होते. अशा आवर्तनांतून हानी साचत जाते. केवळ उघडून पाहण्याने किंवा संचिकेची नक्कल करण्याने मात्र काहीही बिघडत नाही. याउलट, खराब झालेले जेपेग पीएनजीमध्ये रूपांतरित केल्याने गेलेला तपशील परत येत नाही. संचिका फक्त फुगते. जेपेगमध्ये पारदर्शकतेची सोय नाही, त्यामुळे पारदर्शक बोधचिन्ह त्यात साठवल्यास मागे पांढरा किंवा काळा चौकोन उमटतो.

जेपेगनंतरची स्वरूपे

जेपेगची जागा घेण्याचे प्रयत्न अनेक झाले. जेपेग २००० मध्ये डीसीटीऐवजी तरंगिका-आधारित रूपांतर वापरले आणि हानिरहित साठवणीचीही सोय दिली. ब्राउझरांत ते रुजले नाही. डिजिटल चित्रपट वितरणात मात्र तेच प्रमाण आहे. आधारपत्रावरील सुरक्षित क्यूआर संकेतात दडलेले धारकाचे छोटे छायाचित्रही याच स्वरूपात असते.

गूगलने २०१० मध्ये वेबपी आणले. ते व्हीपी८ या चित्रफीत पद्धतीतून निघाले असून हानियुक्त, हानिरहित, पारदर्शक आणि हलती अशा चारही प्रकारच्या प्रतिमा सामावते. लांबी-रुंदीची कमाल मर्यादा १६,३८३ पिक्सेल आहे. संकेतस्थळावरून उतरवलेले चित्र जुन्या आज्ञावलीत उघडत नाही, तेव्हा ते बहुधा वेबपी असते.

हीफ हे स्वरूप एमपेग समितीने २०१५ मध्ये प्रमाणित केले. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयफोनसाठी त्याचा स्वीकार केला आणि .हीक हे एक्स्टेंशन लोकांच्या परिचयाचे झाले. त्यातील एचईव्हीसी ही पद्धत कार्यक्षम आहे, परंतु तिच्यावर अनेक पेटंटे आहेत. गिफच्या अनुभवाने शहाण्या झालेल्या कंपन्यांनी अलायन्स फॉर ओपन मीडिया या संघटनेद्वारे शुल्कमुक्त एव्ही१ पद्धत विकसित केली. तिच्यावर आधारित एव्हीफ हे प्रतिमा स्वरूप २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जेपेग एक्सएल हे आणखी एक नवे प्रमाण असून जुनी जेपेग संचिका कोणतीही हानी न करता अधिक लहान करणे आणि हवी तेव्हा मूळ रूपात परत आणणे, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

खास क्षेत्रांची स्वतःची स्वरूपे आहेत: रुग्णालयांत क्ष-किरण व अन्य प्रतिमांसाठी डायकॉम, खगोलशास्त्रात फिट्स. कॅमेऱ्यांतील रॉ हे एक स्वरूप नसून संवेदकाची कच्ची नोंद असते आणि ती उत्पादकागणिक बदलते.

एसव्हीजी

एसव्हीजी हे वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमचे व्हेक्टर स्वरूप असून त्याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. ही संचिका म्हणजे एक्सएमएल पद्धतीने लिहिलेला साधा मजकूर असतो. त्यामुळे चित्र कितीही मोठे केले तरी कडा स्वच्छ राहतात. स्वयंसेवी प्रकल्पांच्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ असा, की इंग्रजी नावे असलेला महाराष्ट्राचा नकाशा मजकूर संपादकात उघडून त्यातील जिल्ह्यांची नावे मराठीत करता येतात. नकाशा नव्याने काढावा लागत नाही.

देवनागरीबाबत एक अडचण संभवते. एसव्हीजीत अक्षरे मजकूर म्हणून असतील, तर ती पाहणाऱ्याच्या यंत्रावरील टंकातून उमटतात. तेथे देवनागरी टंक नसेल तर चौकोन दिसतात. जोडाक्षरे जुळवण्याची क्षमता नसेल तर 'क्षेत्र' सारखा शब्द हलन्त चिन्हांसह सुटा सुटा दिसतो. अक्षरांचे रेषांत रूपांतर केले तर दिसणे निश्चित होते, पण मग मजकूर शोधता किंवा अनुवादित करता येत नाही. अनेक संपादक म्हणून दोन्ही प्रती राखतात.

एक्स्टेंशन, ओळख आणि अधिमाहिती

संचिकेच्या नावापुढील .जेपीजी किंवा .पीएनजी हे एक्स्टेंशन म्हणजे केवळ पाटी आहे. पाटी बदलल्याने आतला माल बदलत नाही. खरी ओळख संचिकेच्या आरंभीच्या बाइटांवरून पटते: जेपेगची सुरुवात २५५, २१६ या संख्यांनी होते, गिफच्या आरंभी त्याचे नाव व आवृत्ती असते, बीएमपीच्या आरंभी बी आणि एम ही अक्षरे असतात, टिफमध्ये आय-आय किंवा एम-एम या जोडीनंतर ४२ ही संख्या येते. .जेपीजी आणि .जेपीईजी यांत काहीच फरक नाही. जुन्या डॉस प्रणालीत तीन अक्षरांची मर्यादा होती, तिचा हा अवशेष आहे.

छायाचित्रांच्या संचिकेत चित्राखेरीज अधिमाहितीही असते. जपानमधील उद्योगसंस्थेने १९९५ मध्ये तयार केलेल्या एक्झिफ नियमांनुसार कॅमेऱ्याचे नाव, वेळ, छिद्रमान आणि परवानगी दिलेली असल्यास छायाचित्र काढलेल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही त्यात नोंदले जातात. घरी काढलेले छायाचित्र मूळ रूपात आंतरजालावर टाकल्यास घराचा पत्ताच जाहीर होऊ शकतो. बहुतेक संदेशसेवा छायाचित्र पाठवताना ही माहिती गाळतात, परंतु तेच छायाचित्र 'दस्तऐवज' म्हणून पाठवल्यास ती सहसा टिकून राहते.

डीपीआय ही नोंदही अधिमाहितीचाच भाग आहे. ७२ च्या जागी ३०० लिहिल्याने चित्रात एकही पिक्सेल वाढत नाही. छापताना ते कागदावर किती जागा व्यापेल, एवढेच बदलते.

ऑनलाइन अर्जांसाठी छायाचित्रे

स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्ती व प्रवेशप्रक्रिया यांच्या ऑनलाइन अर्जांत छायाचित्र आणि स्वाक्षरी बहुधा जेपेग स्वरूपात व ठरावीक किलोबाइटांच्या मर्यादेत मागितली जाते. मर्यादा ५० किलोबाइटांची आहे असे समजू. भ्रमणध्वनीवरील १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र पिक्सेलसंख्या तशीच ठेवून ५० किलोबाइटांत बसवायचे, तर मूळ ३६ मेगाबाइटांचा सुमारे ७२० वा भाग करावा लागतो. भाजक इतके वाढतात की चेहऱ्याचे चौकोनी तुकडे दिसू लागतात आणि अर्ज छाननीत अडकण्याची शक्यता निर्माण होते.

योग्य क्रम उलट आहे. ३.५ × ४.५ सेंटीमीटरचे छायाचित्र इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात छापण्यास सुमारे ४१३ × ५३१ पिक्सेल पुरतात. तेवढे पिक्सेल म्हणजे संपीडनापूर्वी सुमारे ६५८ किलोबाइट. त्यांचे ५० किलोबाइट करणे म्हणजे केवळ तेरा पट घट, जी जेपेगला सहज पेलते. म्हणून आधी चित्र कातरून पिक्सेल कमी करावेत आणि नंतर दर्जा ठरवावा. मोठी मूळ संचिका वेगळी जपून ठेवावी. हीक किंवा पीएनजी संचिकेचे नाव बदलून .जेपीजी केल्यास, आतील बाइट तपासणारी प्रणाली ती नाकारते. स्वाक्षरी स्कॅन करताना कागदाचा करडेपणा काढून पार्श्वभूमी पूर्ण पांढरी केल्यास संचिका लहान होते, कारण कोऱ्या चौकोनांत लिहिण्यासारखे काही उरत नाही.

उभे छायाचित्र अर्जात आडवे दिसणे, हा नेहमीचा प्रकारही अधिमाहितीशी निगडित आहे. भ्रमणध्वनी अनेकदा पिक्सेल आडवेच ठेवतो आणि 'दाखवताना फिरवा' अशी एक्झिफ खूण करतो. ही खूण न वाचणारी प्रणाली चित्र आडवे दाखवते. अशा वेळी चित्र संपादकात उघडून प्रत्यक्ष फिरवावे आणि नव्याने साठवावे लागते.